वेण्णाकाठची थंडी

डोंगर चढत जावं तसतशी थंडी वाढते, हे आपण शाळेपासून ऐकत आलेलो असतो. महाबळेश्वरात मात्र डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या निरभ्र पहाटे या नियमाला हलकीशी मुरड पडते. वरच्या बाजारपेठेत एका शालीवर भागेल इतकाच गारवा असतो, आणि तिथून उतार उतरत वेण्णा तलावाशी यावं तर श्वासाची वाफ दिसू लागते, बोटांची पेरं बधिर होतात आणि काठच्या गवताची पाती पांढरी झालेली असतात. नौकाविहाराच्या धक्क्यावर, रात्रभर उघड्यावर राहिलेल्या गाड्यांच्या टपांवर, पलीकडे लिंगमळ्याच्या बाजूला स्ट्रॉबेरीच्या पानांवर दव गोठून बसलेलं असतं. हात लावला की क्षणभर खरखरीत, आणि लगेच पाणी.

दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब आकाशाकडे सोडून देत असते. वर ढग असले तर ते गोधडीसारखे ती ऊब धरून ठेवतात. आकाश मोकळं असेल आणि वारा पडलेला असेल, तर ती निघून जाते. जमिनीलगतची हवा गार होते, जड होते, आणि ओघळत ओघळत आसपासच्या सगळ्यांत सखल जागी येऊन साचते. वेण्णेचं खोरं ही तशी जागा. म्हणजे दव गोठायला नुसती थंडी पुरत नाही. आकाशाचं निरभ्रपण लागतं, हवेची निश्चलता लागते, आणि आजूबाजूच्या उंचीपेक्षा थोडी खाली असलेली, कुणाच्या लक्षात न येणारी एक खोलगट जागा लागते. विसाव्याचंही काहीसं असंच असावं, असं त्या काठावर उभं असताना मनात येऊन गेलं. तो नुसत्या सुट्टीनं येत नाही. त्यालाही बऱ्याच गोष्टी एका वेळी जुळून याव्या लागतात.

आम्हा दोघांच्या त्या जुळून यायला बराच काळ जावा लागला. सासूबाईंचं अंथरुणाला खिळलेलं आजारपण घरात काही वर्षं होतं, आणि त्या वर्षांत आमचं बोलणं बहुतेक उभ्यानंच व्हायचं. एक जण स्वयंपाकघराच्या दारात, दुसरा चपला घालता घालता; औषध दिलं का, डॉक्टर काय म्हणाले, गॅसचा नंबर लावला का, लेकीचा फोन आला होता, ती परवा पुन्हा करेल म्हणाली. त्यात प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? संसारातलं बरंचसं प्रेम अशाच निरोपांच्या रूपानं इकडून तिकडे जात असतं. पण निरोप पोचले तरी माणसं भेटतातच असं नाही. आई गेल्या, दिवसवार झाले, नातेवाईक आपापल्या गावी परतले, आणि एके संध्याकाळी घरात दोघंच उरल्यावर लक्षात आलं की एकमेकांशी बसून बोलायचं कसं, याची सवयच सुटली आहे. तेव्हा हेच म्हणाले, "थंडीत कुठेतरी जाऊन राहू या. फिरायला नको. नुसतं राहायला."

पुण्याहून वाई, वाईहून पसरणीचा घाट, मग पाचगणी आणि पुढे महाबळेश्वर हा रस्ता मराठी माणसाला किती ओळखीचा! शाळेची सहल, लग्नानंतरचे चार दिवस, पाहुण्यांना दाखवायला नेणं, कशाकशाच्या निमित्तानं आपण त्या घाटातून गेलेलो असतो. खाली कृष्णाकाठची वाई तिच्या घाटांसह, देवळांच्या शिखरांसह हळूहळू लहान होत जाते, धोम धरणाचं पाणी दिसू लागतं, आणि एका वळणानंतर हवेचा पोत बदलतो. त्या वळणावर काच खाली करायची असते. आमच्या गाडीतही ती न बोलता दोन्ही बाजूंनी एकदमच खाली झाली.

पहिल्या रात्री साडेतीनच्या सुमारास मला जाग आली. आईंना कूस बदलून द्यायची ती वेळ. अंधारात डोळे उघडे ठेवून पडले होते, तेव्हा पलीकडून श्वास ऐकू आला, जागेपणी घेतला जातो तसा, सावध. हेही त्याच क्षणी जागे झाले होते. बाहेर एकही आवाज नव्हता. पावसाळ्यात ज्या गावात छपरांवर अखंड धार वाजत असते, तिथली हिवाळी रात्र किती नीरव असते हे तेव्हा जाणवलं. बराच वेळ आम्ही दोघं त्या नसलेल्या हाकेची वाट पाहत पडून राहिलो. मग हे हळूच म्हणाले, "झोप आता." इतकेच दोन शब्द. पण गेल्या कितीतरी महिन्यांत आम्ही आईंविषयी एकमेकांशी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य होतं, असं मला वाटलं.

हे गाव मुळात आजाऱ्यांसाठी वसवलं गेलं, हे सकाळी चहा घेताना आठवलं. देवस्थान म्हणून क्षेत्र महाबळेश्वर फार जुनं. पण आज आपण ज्याला महाबळेश्वर म्हणतो ती वस्ती एकोणिसाव्या शतकातली. १८२४ मध्ये लॉडविक नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी इथल्या दाट रानातून वाट काढत एका कड्याच्या टोकाशी पोचला, आणि त्यानं या हवेविषयी इतरांना सांगितलं. पुढे मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम यानं १८२८ च्या सुमारास इथे आरोग्यधाम उभारायला घेतलं आणि साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून १८२९ मध्ये ही जागा मिळवली. बदल्यात महाराजांना वाईच्या बाजूचं खंडाळा हे गाव देण्यात आलं. वस्तीचं नाव पडलं माल्कमपेठ. मैदानी मुलखातल्या तापानं, उन्हानं खंगलेले शिपाई आणि अधिकारी इथे यायचे, आणि अंगात पुन्हा शक्ती भरेपर्यंत राहायचे.

मला त्या काळाविषयी हुरहुर वाटण्याचं काही कारण नाही. ज्यांच्यासाठी हे सारं उभं राहिलं ते आपले राज्यकर्ते होते, आणि त्यांच्या विश्रांतीचा भार इथल्याच माणसांच्या खांद्यांवर होता. तरीही त्या मूळ हेतूतली एक गोष्ट मनाला लागून राहते. बरं होण्यासाठी एखाद्या जागी जाऊन राहायचं, घाई न करता, शरीराला त्याच्या गतीनं परत येऊ द्यायचं. ज्याची शुश्रूषा झाली तो सुटतो किंवा बरा होतो. शुश्रूषा करणाऱ्यालाही नंतर एक अशक्तपण येतं, आणि त्याला नाव नसतं, औषध नसतं, त्याची चौकशी करायला फळं घेऊन कुणी येत नाही. आमच्या दोघांच्याही अंगात ते मुरलं होतं. साडेचार हजार फुटांवरच्या त्या उन्हात, खुर्च्या सरकवत सरकवत, सावली येईल तशी जागा बदलत बसताना ते थोडंथोडं निघून जाताना कळत होतं. हिवाळ्यातलं ऊन इथे अंगावर येतं, पण टोचत नाही. कपात निवत चाललेला चहा, कठड्यावर येऊन बसलेला शिपाई बुलबुल, आणि वर्तमानपत्राचं एकच पान दोघांनी मिळून बराच वेळ वाचणं, यात दुपार कशी झाली ते समजलंच नाही.

टॅक्सीवाले भले लोक. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, महाबळेश्वर दर्शन करणार, प्रतापगड दर्शन करणार की पाचगणी? त्यांच्या फलकावर सगळे पॉइंट ओळीनं लिहिलेले: विल्सन, केट्स, एल्फिन्स्टन, बॅबिंग्टन, लॉडविक, बॉम्बे पॉइंट. अर्ध्या दिवसात ते सगळे दाखवतात, आणि ज्यांना एकदाच यायचं आहे त्यांच्यासाठी ते योग्यही आहे. पण जोडीनं विसाव्याला आलेल्यांनी ती यादी हाती घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. यादी हाती आली की पुन्हा निरोप सुरू होतात: चला, उशीर होतोय, फोटो काढला का, पुढचं काय. आम्ही लॉडविकच्या टोकापर्यंत पायी गेलो, आणि तेवढंच पुष्कळ होतं. दुतर्फा अंजनी, जांभूळ, हिरडा. वाऱ्याशी आणि पावसाशी झुंजत बुटकी राहिलेली, शेवाळलेली, तरी बारमाही हिरवी झाडं. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस अंगावर घेणारं हे रान हिवाळ्यात वाळत नाही. नुसतं गप्प होतं. वाट चढाची लागली की हे थांबत, झाडाचं खोड निरखण्याच्या निमित्तानं दम घेत, आणि मीही त्या खोडाकडे पाहत राही. तरुणपणी हे नेहमी चार पावलं पुढे असायचे. आता चाल सारखी झाली आहे, ही वयानं दिलेली चांगली गोष्ट.

स्ट्रॉबेरीविषयी लिहिल्यावाचून महाबळेश्वरातल्या थंडीविषयी लिहिणं पुरं व्हायचं नाही. पाऊस ओसरू लागला की सप्टेंबर-ऑक्टोबरात रोपं लावतात. लाल मातीचे गादीवाफे, त्यांवर प्लॅस्टिकचं आच्छादन, आतून ठिबकच्या नळ्या. मातृरोपं परदेशातून, कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणांहून येतात, आणि स्वीट चार्ली, विंटर डॉन, कॅमारोसा, नाभिला ही नावं इथल्या शेतकऱ्याच्या तोंडी ज्वारी-बाजरीच्या वाणांइतकी सहज बसली आहेत. २०१० मध्ये या फळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. भिलारच्या वाटेवर एका शेतात आम्ही बांधावर बराच वेळ उभे होतो. बायका वाकून, पानं बाजूला सारत, देठासकट फळं खुडत होत्या, आणि त्यांतल्या एका वयस्कर बाईंनी आम्हाला बोलावून ओंजळीत फळं घातली. "हितंच खावा," त्या म्हणाल्या, "घरी न्याल तवर चव जाईल." त्यांचं म्हणणं अनुभवाचं होतं आणि शास्त्रालाही धरून होतं. आंबा आढीत पिकतो, केळं घरात पिकतं; स्ट्रॉबेरी मात्र वेलीवरून... नव्हे, रोपावरून तुटली की तिचा गोडवा तिथेच थांबतो. रंग थोडा गडद होईल, गोडी वाढणार नाही. जितकी पिकली तितकीच. काही फळं खुडून साठवता येतात, काहींकडे आपल्यालाच चालत जावं लागतं. पुढे केव्हातरी एकमेकांना देऊ म्हणून आपण जो वेळ राखून ठेवलेला असतो, तो यांतल्या कोणत्या जातीचा, हा विचार त्या बांधावर आला आणि मी तो तिथेच सोडून दिला. फळं गार होती, आंबटगोड होती, मातीचा किंचित वास त्यांना होता.

पिकाला ती रात्रीची थंडी हवी असते, पण दव गोठण्याइतकी झाली तर पानं करपतात, फळ खराब होतं. आम्ही ज्या पांढऱ्या पात्यांकडे कौतुकानं पाहत होतो, त्यांच्याकडे त्या बाई काळजीनं पाहत असणार. हेही तिथे राहिल्यानंच कळलं.

जुन्या महाबळेश्वरात पंचगंगेच्या मंदिरात गेलो तेव्हा दुपार कलत होती. काळ्या दगडातली, ओल धरून राहिलेली ती वास्तू, आणि गोमुखातून कुंडात पडणारं पाणी. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्या इथे उगम पावतात अशी श्रद्धा. भागीरथी बारा वर्षांनी आणि सरस्वती साठ वर्षांनी प्रकटते, असंही सांगतात. पाणी ओंजळीत घेतलं तर इतकं गार, की क्षणभर हातच आपला वाटेना. हे त्या धारेकडे पाहत म्हणाले, "इथून निघून या कुठे कुठे जातात बघ." आणि मग आम्ही कठड्यावर बसून त्यांचा माग काढू लागलो. वेण्णा सर्वांत आधी परतते. साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णेला मिळते. कोयनेचं तसं नाही. ती दुसऱ्याच खोऱ्यात उतरते, दक्षिणेकडे दूरवर एकटी वाहत जाते, धरणात अडते, हेळवाकला पूर्वेला वळते, आणि एवढा फेरा घालून कऱ्हाडला कृष्णेच्या समोरून येऊन तिला भेटते. नद्या सहसा कडेनं येऊन मिळतात. या दोघी समोरासमोर येतात, म्हणून त्या जागेला प्रीतिसंगम म्हणतात. कृष्णा पुढे साऱ्या दख्खनचं पठार ओलांडून, सुमारे चौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. आणि सावित्री? ती याच डोंगरावरून पश्चिमेला कोकणात उडी घेते आणि बाणकोटपाशी अरबी समुद्रात जाते. एका ठिकाणाहून निघून तिची आणि बाकीच्यांची पुन्हा गाठ नाही.

त्या सावित्रीचं खोरं बघावं ते आर्थर सीटवरून. यादी नको म्हणत असतानाही तिथे आम्ही गेलो, कारण यांना तिथली गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक होती. आर्थर मॅलेट हा कंपनी सरकारातला अधिकारी. त्याची पत्नी आणि तान्ही मुलगी बाणकोटच्या खाडीत नाव उलटून बुडाल्या. असं सांगतात, की त्यानंतर तो या कड्यावर येऊन बसे आणि खाली, जिथून त्यांना गिळणारं पाणी निघतं त्या दरीकडे पाहत राही. तिथे पाटी आहे, कठडा आहे, माकडं आहेत, मक्याची कणसं भाजणारे आहेत. वारा दरीतून इतक्या जोरानं वर येतो की हलकी वस्तू खाली टाकली तर परत येते, आणि मुलं बाटल्यांची बुचं टाकून ते बघत असतात. त्यांचा आनंद खरा होता. कड्याच्या त्याच टोकाशी एका माणसानं आपलं दुःख आणून ठेवलं होतं, हे त्यांना ठाऊक असायलाच हवं असं नाही.

आम्ही थोडे बाजूला होऊन बसलो. खाली कोकण निळसर धुक्यात बुडालेलं, डोंगरांच्या सोंडा एकामागून एक फिकट होत गेलेल्या. हे पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी आईंची एक आठवण सांगितली, त्यांच्या लहानपणची, महाडच्या आजोळची. सावित्रीकाठी धुणं धुवायला गेलेली आई, काठावर बसवलेला हा एवढासा मुलगा, आणि वाहून गेलेलं एक परकर-पोलक्याचं कापड, ज्याच्यामागे ती पाण्यात कंबरेपर्यंत शिरली होती. "मी केवढ्यानं रडलो होतो," हे म्हणाले, "मला वाटलं, ती आता येत नाही." इतक्या वर्षांच्या सहवासात ही आठवण मी कधी ऐकली नव्हती. ती सांगायला सावित्रीचं खोरं समोर असावं लागलं, हातात काही काम नसावं लागलं, आणि बहुधा एवढी थंडीही असावी लागली, की दोन माणसं एका शालीत बसावीत. मी काही विचारलं नाही. माणूस बोलतो तेव्हा त्याला बोलू द्यावं, एवढं वेण्णेच्या काठानं शिकवलं होतं.

संध्याकाळी बाजारपेठेत चण्यांच्या भट्ट्यांचा वास दरवळत असतो. मधाच्या बाटल्या, चपलांची दुकानं, लाल मुळे आणि गाजरांच्या जुड्या, स्ट्रॉबेरी-क्रीमचे उंच पेले. गरम चण्यांची पुडी कोटाच्या खिशात ठेवून, त्यात आळीपाळीनं हात घालत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं आणि परत यायचं. विकत घेण्यासारखं फार काही नसतं, पण ते चालणं मला प्रतापगडाच्या पायऱ्यांइतकंच मोलाचं वाटलं.

एका गोष्टीची मात्र खंत आहे, आणि ती सांगायला हवी. २००१ मध्ये महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला, तो काही उगीच नव्हे. नाताळच्या आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांच्या दिवसांत वेण्णा तलावापाशी गाड्यांची रांग हलत नाही, आणि ज्या खोऱ्यात निश्चल हवा साचावी तिथे धूर साचतो. तो तलाव १८४२ च्या सुमारास साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी बांधवला, आणि गाव अजून त्याच पाण्यावर अवलंबून आहे. एवढ्याशा पठारानं एवढ्या माणसांचा विसावा पेलायचा तरी किती? आपण सगळेच त्या रांगेत असतो. पण दिवस निवडणं आपल्या हाती असतं.

म्हणून जायचं असेल तर आठवड्याच्या मधल्या वारी जा, नाताळ टाळून जा, जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा धरा. गाडी मुक्कामाच्या जागी लावून ठेवा आणि बाजार, लॉडविक, वेण्णा पायी करा. प्लॅस्टिकच्या बाटल्या नेऊ नका. नेल्याच तर परत आणा. दव बघायचं असेल तर उजाडायच्या आत तलावावर पोचा, ऊन आलं की ते टिकत नाही. लोकरीचे मोजे घ्या. आणि घरात कुणाची दीर्घ सेवा करून तुम्ही दोघं नुकतेच मोकळे झाला असाल, तर पुढच्या वर्षावर ढकलू नका. याच थंडीत जा.